थांगकातील संत कसे ओळखावेत

तिबेटी थांगकासमोर, म्हणजे कापडावर रंगवलेल्या आणि गुंडाळून ठेवता येणाऱ्या बौद्ध पटासमोर, पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस बहुधा चेहऱ्याकडे पाहतो आणि तेथेच अडतो. मधोमध एक भिक्षू बसलेला असतो, त्याचे कान लांब असतात, डोळे अर्धे मिटलेले असतात, अंगावर तांबडी वस्त्रे असतात आणि शेजारच्या पटावरील भिक्षूही थेट तसाच दिसतो. संग्रहालयाच्या पाटीवर पुष्कळदा 'लामा, तिबेट, कापडावर रंग' एवढेच लिहिलेले असते. चित्रकाराने मात्र त्या व्यक्तीची ओळख पटावरच नोंदवून ठेवलेली असते. ती चेहऱ्यात फारशी नसते. आसन, वस्त्र, टोपी, हात, शेजारी आणि पटाची पाठ यांत ती वाटून ठेवलेली असते. या गोष्टी कोणत्या क्रमाने पाहाव्यात आणि प्रत्येकीवर किती विश्वास ठेवावा, हे येथे सांगायचे आहे.

हातातील वस्तूंवरून मूर्ती ओळखण्याची सवय आपल्याला असतेच. शंख, चक्र, गदा आणि पद्म यांचा क्रम बदलला की विष्णूचे नाव बदलते आणि अशा चोवीस मूर्ती आपल्या मूर्तिशास्त्राने मोजल्या आहेत. ही सवय थांगकातील देवतांपुरती बरीचशी उपयोगी पडते, कारण तारा, मंजुश्री किंवा महाकाल यांचा वर्ण, हात व आयुधे साधनाग्रंथांनी ठरवून दिलेली आहेत. संतांच्या बाबतीत तीच सवय चकवते. संत हे माणूस म्हणून जगलेले, किंवा निदान तसे मानले गेलेले. त्यांची लक्षणे चरित्रातून, दंतकथेतून आणि शिष्यांनी जपलेल्या रूपातून आली. त्यामुळे एकच वस्तू चार संतांच्या हाती सापडते आणि एकच संत दोन पटांवर दोन प्रकारे बसलेला दिसतो. म्हणून पहिला नियम असा की एका लक्षणावरून नाव ठरवू नये. एकमेकांना दुजोरा देणारी किमान दोन लक्षणे मिळाली, तरच नाव घ्यावे.

आधी दूरून पाहावे

चार-पाच पावले मागे उभे राहून संपूर्ण पट पाहावा. सर्वांत मोठी आकृती ती मुख्य. तिच्या माथ्यावर, पटाच्या वरच्या भागात, गुरुपरंपरा किंवा ज्या बुद्धाशी अथवा देवतेशी तिचे नाते आहे ती मूर्ती असते. खाली बहुधा धर्मपाल म्हणजे धर्माचे रक्षण करणाऱ्या उग्र देवता, धनदेवता आणि क्वचित एखाद्या कोपऱ्यात पट करवून घेणारा दाता हात जोडून बसलेला असतो. सुमारे बाराव्या ते चौदाव्या शतकातील पटांवर या लहान आकृती चौकटींच्या ओळींत मांडलेल्या असतात. पुढे चिनी चित्रांच्या परिचयाने डोंगर, ढग आणि पाणी यांना जागा मिळाली, चौकटी विरघळल्या आणि आकृती निसर्गात विखुरल्या. सोळाव्या शतकात नामखा ताशी या चित्रकारापासून सुरू झालेल्या कर्मा गाद्री शैलीत तर मुख्य आकृतीभोवती मोकळे आकाशच अधिक असते. पटाचा काळ अंदाजण्यास ही मांडणी उपयोगी पडते. मात्र जुन्या मांडणीच्या नकला नंतरही होत राहिल्या, हे ध्यानात असू द्यावे.

येथेच एक साधी पण महत्त्वाची खबरदारी घ्यावी. मूर्तिशास्त्रात उजवा आणि डावा म्हणजे चित्रातील व्यक्तीचा उजवा आणि डावा. पाहणाऱ्याच्या डावीकडे दिसणारा हात हा तिचा उजवा हात असतो. वहीत नोंदी घेताना हा घोळ भल्याभल्यांचा होतो आणि मग घरी येऊन पुस्तकाशी ताडताना काहीच जुळत नाही.

आसन आणि वस्त्र

आता मुख्य आकृती तीन घराण्यांपैकी कोणत्या घराण्यातील आहे ते ठरवावे. थांगकातील बहुतेक संत स्थविर म्हणजे अर्हत (मुक्त झालेले बुद्धशिष्य), सिद्ध (तांत्रिक योगी) आणि आचार्य (परंपरेचे गुरू) या तीन गटांत बसतात आणि हा गट हातांकडे न पाहताही कळू शकतो.

स्थविर भिक्षुवस्त्रात असतात, डोके मुंडलेले असते, टोपी नसते, आणि ते बहुधा खडकावर किंवा चिनी धाटणीच्या आसनावर, झाडे, धबधबे, हरणे व सेवक यांच्यामध्ये बसलेले असतात. त्यांच्या चेहऱ्यांत मात्र विविधता असते: कोणी म्हातारा, कोणी जाड भुवयांचा, कोणी हसरा. सिद्ध बहुधा अर्धनग्न असतात. कमरेला वस्त्र किंवा कातडे, डोक्यावर केसांचा जुडा, अंगावर हाडांचे अलंकार, बसायला हरणाचे किंवा वाघाचे कातडे, आणि पुष्कळदा वर्ण सावळा. आचार्य गाद्यांच्या सिंहासनावर किंवा कमळावर बसतात, त्यांची वस्त्रे भारी असतात आणि डोक्यावर बहुधा टोपी असते. सिद्धांपैकी काही जण भिक्षू किंवा राजा म्हणूनही दाखवले जातात आणि मिलारेपासारखा तिबेटी आचार्य सिद्धाच्या वेषात बसतो, तेव्हा ही वाटणी म्हणजे सोवळ्याची रेघ नव्हे. तरीही सुरुवात येथूनच करावी.

सोळा स्थविर

बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर धर्म टिकवून धरण्यासाठी जे सोळा स्थविर जगात थांबले, त्यांची यादी नंदिमित्राच्या नावावरील एका ग्रंथातून आली. ह्युएनत्संगाने 654 मध्ये त्याचा चिनी अनुवाद केला आणि चीनमध्ये अर्हतांची चित्रपरंपरा फोफावली. तिबेटी थांगकातील स्थविरांभोवतीचे देवदार, चिनी खुर्च्या आणि वळणदार खडक हे त्या परंपरेचे ऋण आहे. व्यक्ती भारतीय आणि परिसर चिनी, असे हे मिश्रण दिसले की आपण स्थविरांच्या मालिकेसमोर आहोत असे समजण्यास हरकत नाही. ही मालिका कधी एकाच पटावर बुद्धाभोवती असते, तर कधी अनेक पटांच्या संचात विभागलेली असते आणि संग्रहालयात त्या संचातील एखादा सुटा पटच पाहायला मिळतो.

सोळा नावे एका दमात पाठ करण्यापेक्षा मी ती गटांनी लक्षात ठेवतो. सहा जणांची वस्तू त्या मालिकेत दुसऱ्या कोणाकडे नसते. राहुल हा बुद्धाचा पुत्र. तो दोन्ही हातांत रत्नजडित मुकुट धरतो. बकुलाच्या हाती मुंगूस असते आणि त्याच्या तोंडातून रत्ने पडत असतात. भारतीय परंपरेत मुंगसाच्या कातड्याची पैशाची थैली असे आणि कुबेराच्या हातीही तीच नकुली येते, त्यामुळे ही प्रतिमा आपल्याला परकी वाटू नये. अभेद लहानसा स्तूप धरतो. नागसेनाकडे कलश आणि कड्यांचा भिक्षुदंड असतो. कालिकाच्या हातात सोन्याची कुंडले असतात. ती कानात शोधू नयेत. कनकवत्साच्या हाती रत्नांचा पाश असतो.

पुढचे नऊ जण तीन-तीनांच्या गटांत येतात आणि चुका होतात त्या येथेच. चवरी तिघांकडे असते: अंगजाच्या दुसऱ्या हातात धूपपात्र असते म्हणून तो सुटतो, पण वनवासी आणि वज्रीपुत्र हे दोघेही एका हाताने चवरी धरतात आणि दुसऱ्या हाताची तर्जनी उगारतात. पोथीही तिघांकडे असते: पिंडोल भारद्वाजाकडे पोथीबरोबर भिक्षापात्र असते, पंथकाचा एक हात व्याख्यानमुद्रेत असतो, आणि गोपक पोथी दोन्ही हातांनी धरतो. दोन्ही हात मांडीवर ठेवून ध्यानात बसलेलेही तिघे: अजित, कनक भारद्वाज आणि चूडपंथक. या शेवटच्या तिघांना नुसत्या हातांवरून वेगळे करता येत नाही. अजिताच्या डोक्यावरून कधी चीवर म्हणजे भिक्षूचे वस्त्र ओढलेले असते, एवढा आधार मिळतो; बाकी नाव लिहिलेले असले तर ठीक, नाहीतर संचातील जागेवरून अंदाज करावा. चूडपंथक हा तोच मंदबुद्धी भिक्षू, ज्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना आणि धूळ पुसता पुसता ज्ञान झाले. त्याच्या हाती झाडू किंवा फडके सापडेल म्हणून शोधणाऱ्याची निराशा होते, कारण चित्रकारांनी त्याला ध्यानस्थच ठेवले. उरला भद्र: त्याचा एक हात व्याख्यानमुद्रेत आणि दुसरा ध्यानमुद्रेत असतो व दोन्ही रिकामे असतात.

या सोळांबरोबर तिबेटी मालिकेत आणखी दोघे येतात. धर्मताल हा पाठीवर पोथ्यांचे ओझे घेतलेला उपासक असून त्याच्या बाजूला वाघ असतो आणि तो बहुधा वर ढगातील अमिताभाकडे पाहत असतो. ह्वाशांग हा पोट सुटलेला, हसरा चिनी दाता. त्याच्या अंगाखांद्यावर मुले खेळत असतात. चार दिशांचे राजे धरले की एकूण संच पुरा होतो. वाघ दिसला म्हणून धर्मताल ठरवण्याची घाई मात्र करू नये, कारण सिद्धांच्या घरातही एक वाघ आहे.

बकुल स्थविराचे नाव आजही भारतात रोज घेतले जाते. लडाखचे कुशोक बकुल रिंपोचे हे त्याच स्थविराचे अवतार मानले जात. ते संसदेत होते, पुढे मंगोलियात भारताचे राजदूत झाले आणि लेहचा विमानतळ त्यांच्या नावाने ओळखला जातो.

सिद्ध, आणि आपले नाथ

चौऱ्याऐंशी सिद्धांची सर्वांत प्रसिद्ध यादी अभयदत्त या भारतीय पंडिताच्या चरित्रसंग्रहातून आली आणि ती तिबेटी भाषेत टिकली. यात राजे, चांभार, विणकर, पारधी, मासेमारी करणारे, वीणा वाजवणारे असे सगळे आहेत आणि प्रत्येकाला सिद्धी ज्या उद्योगात किंवा ज्या प्रसंगात मिळाली, तोच प्रसंग चित्रकाराने त्याची खूण म्हणून ठेवला. म्हणून सिद्ध ओळखायचा तर 'याच्या हातात काय आहे' यापेक्षा 'हा काय करतो आहे' असे विचारावे.

विरूप हा लठ्ठ, सावळा, गळ्यात फुलांच्या माळा घातलेला, आणि एक बोट आकाशाकडे रोखलेला असतो. गोष्ट अशी की गुत्त्यात मद्य पिताना त्याने सांगितले, सावली या रेघेवर आली की पैसे देईन. आणि मग त्याने सूर्यच थांबवून ठेवला. शेवटी राजाने त्याचे बिल चुकते केले तेव्हा दिवस मावळला. साक्य हा तिबेटी बौद्धांच्या चार मोठ्या संप्रदायांपैकी एक (बाकीचे निंगमा, काग्यू आणि गेलुग), त्याची प्रमुख साधना विरूपापासून आली असे मानतात, त्यामुळे एखाद्या अनोळखी आचार्याच्या वर असा बोट रोखलेला सिद्ध दिसला तर पट साक्य परंपरेचा असण्याची शक्यता मोठी.

डोंबी हेरुक वाघावर स्वार असतो आणि चाबूक म्हणून साप उगारतो. धर्मतालाचा वाघ बाजूला चालतो किंवा बसतो, हा फरक पुरेसा आहे. सरह बाण हातात धरून त्याची सरळ रेघ निरखतो. शबरी हा धनुष्यधारी पारधी असतो. कुक्कुरीपाजवळ कुत्री असते. कृष्णाचार्य म्हणजे कान्हपा याच्या डोक्यावर आकाशात छत्रे आणि डमरू आपोआप तरंगत असतात. नागार्जुन भिक्षुवेषात असतो, मात्र त्याच्या डोक्यामागे नागांच्या फणा उभारलेल्या असतात आणि माथ्यावर बुद्धासारखा उष्णीष म्हणजे उंचवटा असतो. फणांवरून पार्श्वनाथ आठवणाऱ्याने त्याची वस्त्रे पाहावीत.

मासा ही येथील मोठी फसवी खूण आहे. तिलोपा मासा हातात धरतो; लुईपा माशांची आतडी खातो आणि त्याच्याजवळ मासळीचा ढीग असतो; मीनपा माशाच्या पोटात किंवा माशासोबत असतो. तिलोपाच्या पुढच्या आकृती नारोपा, मार्पा, मिलारेपा अशा क्रमाने येत असतील तर शंका उरत नाही, कारण ही काग्यू परंपरेची साखळी आहे आणि तिच्या मुळाशी निळ्या वर्णाचा वज्रधर हा आदिबुद्ध असतो.

हा मीनपा मराठी वाचकाने थोडा थांबून पाहावा. अभयदत्ताच्या यादीत तो आठवा, गोरक्ष नववा आणि चौरंगी दहावा आहे. माशाने गिळलेला माणूस समुद्राच्या तळाशी शिवाने उमेला केलेला उपदेश ऐकतो आणि सिद्ध होतो. सावत्र आईच्या कारस्थानामुळे हातपाय तोडलेल्या राजपुत्राची गुराखी गोरक्ष सेवा करतो आणि त्याला पुन्हा अवयव फुटतात. या कथा आपण नवनाथांच्या नावाने लहानपणापासून ऐकल्या आहेत. सप्तशृंगीवर मत्स्येंद्राच्या भेटीने भग्नावयव चौरंगी संपूर्ण झाला, हे ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा सांगताना नोंदवले आहे. तिबेटी चित्रकाराला आळंदी किंवा त्र्यंबकेश्वर ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्याच्या दृष्टीने हे तिघे बौद्ध सिद्धच होते. पण ज्या काळात पंथांच्या भिंती आजच्याइतक्या उंच नव्हत्या त्या काळातील एकच कथासंचित दोन्हीकडे पोचले, याचा हा रंगवलेला पुरावा आहे. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. मोठी कुंडले दिसली की नाथपंथी, असा ठोकताळा येथे चालत नाही; थांगकातील बहुतेक सिद्धांच्या कानांत मोठी कुंडले असतात.

आचार्य: आधी टोपी, मग हात

तिबेटी आचार्यांच्या बाबतीत टोपीइतकी बोलकी वस्तू दुसरी नाही. वर निमुळती आणि कानांवरून खाली लांब पात्या आलेली ती पंडिताची टोपी. भारतीय विद्यापीठांतील पंडितांकडून ती तिबेटात आली असे मानतात. ही टोपी पिवळी असेल तर गेलुग संप्रदायाकडे बोट जाते. लाल असेल तर साक्य, निंगमा, काग्यू यांपैकी कोणीही असू शकतो, शिवाय भारतीय पंडितही असू शकतो. काळी, सोनेरी चिन्हाची टोपी ही काग्यूच्या एका शाखेचे प्रमुख असलेल्या कर्मापाची. पाचवे कर्मापा देशिन शेग्पा 1407 मध्ये नानजिंगला गेले असता मिंग सम्राट योंगलने त्यांना ती अर्पण केली, अशी परंपरा आहे. त्याच आकाराची लाल टोपी त्याच शाखेतील शामारपा या लामाची, त्यामुळे तेथे रंगच ओळख ठरवतो.

पद्मसंभवाची टोपी या सर्वांहून निराळी असते: कमळाच्या पाकळ्यांसारखी उमललेली, पुढे सूर्यचंद्र, माथ्यावर अर्धे वज्र आणि गिधाडाचे पीस. आठव्या शतकातील या गुरूच्या उजव्या हातात वज्र, डाव्या हातात कपालपात्र व त्यात अमृताचा कलश, आणि डाव्या बाहूला टेकलेले खट्वांग म्हणजे तांत्रिकाचा लांब दंड असतो. खट्वांगावर तीन मुंडकी असतात: एक ताजे, एक सुकत चाललेले आणि एक नुसती कवटी. बारीक मिशी आणि विस्फारलेले डोळे पाहिले की बाकीची चौकशी बहुधा करावी लागत नाही. अडचण येते ती त्याच्या आठ रूपांमुळे, कारण त्यांपैकी एकात तो भिक्षू असतो, एकात राजा आणि एकात वाघिणीवर स्वार असलेला उग्र देव. तेव्हा मुख्य आकृती ओळखू आली नाही तर भोवतालच्या आकृती मोजाव्यात आणि त्या आठांच्या मालिकेत बसतात का ते पाहावे.

अतीश (982–1054) हा विक्रमशीला या बौद्ध विद्यापीठाचा बंगाली पंडित 1042 मध्ये पश्चिम तिबेटात पोचला. त्याच्या डोक्यावर बहुधा लाल पंडित टोपी असते, हात व्याख्यानमुद्रेत असतात आणि एका बाजूला स्तूप व दुसऱ्या बाजूला गोल टोपली किंवा गाठोडे ठेवलेले असते. स्तूप आणि टोपली ही जोडी मला थांगकातील सर्वांत माणुसकीची खूण वाटते. एवढ्या मोठ्या पंडिताची ओळख शेवटी त्याच्या प्रवासाच्या सामानावर येऊन थांबते.

मार्पा (1012–1097) गृहस्थ होता, शेती करीत होता, म्हणून तो धिप्पाड, केस वाढवलेला, सैल झगा घातलेला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसलेला दिसतो. त्याचा शिष्य मिलारेपा एका सुती पांढऱ्या वस्त्रात, गुहेत, कमरेभोवती किंवा खांद्यावरून तांबडा ध्यानपट्टा बांधून बसतो. हिमालयात बिच्छू बुटी म्हणून ओळखली जाणारी खाजरी वनस्पती उकडून खात राहिल्याने त्याचा वर्ण हिरवट झाला, अशी कथा असल्याने काही चित्रकार त्याला खरोखर हिरवट रंगवतात. त्याचा उजवा हात कानाशी असतो. मराठीत कानावर हात ठेवणे म्हणजे 'मला यातले काही ठाऊक नाही' असे सांगणे; मिलारेपाचा हात मात्र शाहिराने उंच सूर लावताना कानाशी न्यावा तसा आहे, कारण तो आपला उपदेश गाण्यांतून करीत असे. शेजारी हरीण, कुत्रा आणि धनुष्य टाकून दिलेला पारधी असेल तर तो त्याच्या एका प्रसिद्ध गाण्याचा प्रसंग समजावा.

थांगतोंग ग्याल्पो हा पंधराव्या शतकातील योगी लोखंडी साखळ्यांचे पूल बांधत हिंडला. पांढरी दाढी, काळसर वर्ण आणि हातात साखळीच्या कड्या, एवढ्यावर तो ओळखता येतो. सत्पुरुषाच्या हाती बांधकामाचे सामान देणारी चित्रपरंपरा मला तरी दुसरी माहीत नाही.

तलवार आणि पोथी: एक अवघड उदाहरण

आता अवघड प्रश्न. भिक्षू मध्यभागी बसला आहे, दोन्ही हात छातीशी धर्मचक्रमुद्रेत आहेत, त्या हातांतून दोन कमळांचे देठ खांद्यांपर्यंत वर गेले आहेत, उजव्या कमळावर ज्वाळा निघणारी तलवार आणि डाव्या कमळावर पोथी आहे. ही मंजुश्रीची चिन्हे आहेत आणि जे मंजुश्रीचे अवतार मानले गेले त्या सगळ्यांना ती मिळाली. नवखा माणूस येथे लगेच गेलुग संप्रदायाचा संस्थापक त्सोंगखापा याचे (1357–1419) नाव घेतो, कारण त्याची चित्रे संख्येने फार आहेत. पण साक्य पंडितालाही (1182–1251) हीच चिन्हे मिळतात आणि आठव्या शतकातील तिबेटी राजा ठिसोंग देत्सेनलाही.

राजा लगेच बाजूला काढता येतो. त्याच्या अंगावर राजवेष आणि डोक्यावर फेटा असतो. मग टोपी पाहावी. पिवळी असेल तर त्सोंगखापाचे पारडे जड होते, लाल असेल तर साक्य पंडिताचे. एवढ्यावर मात्र थांबू नये, कारण जुन्या पटांवर हिंगूळ आणि हरताळ दोन्ही धुराने काळवंडतात आणि लोण्याच्या दिव्यांखाली शतकभर टांगलेल्या पटावर पिवळा व लाल यांतील फरक दिवसाउजेडीही सांगता येत नाही. म्हणून शेजारी पाहावे. त्सोंगखापाच्या दोन्ही बाजूंना बहुधा त्याचे दोन शिष्य असतात, ग्याल्त्साब जे आणि खेडुब जे. त्यांपैकी ग्याल्त्साब वयस्क, पांढऱ्या केसांचा, तर खेडुब तरुण आणि टपोऱ्या डोळ्यांचा दाखवतात. साक्य पंडिताजवळ त्याच्याशी वाद घालून हरलेला जटाधारी हरिनंद असू शकतो, किंवा वरच्या ओळीत साक्य संप्रदायाचे आद्य आचार्य असतात. हे पाच आचार्य एकत्र असतील तर तीन जण गृहस्थांच्या पांढऱ्या वस्त्रांत आणि दोन जण भिक्षूंच्या तांबड्या वस्त्रांत असतात. साक्य पंडित हा त्या तांबड्या दोघांपैकी एक. आणि त्याही वर सूर्याकडे बोट रोखलेला विरूप सापडला, तर निर्णय जवळजवळ झालाच.

पटाची पाठ

परवानगी मिळाली तर पटाची मागची बाजू अवश्य पाहावी. ती पुढच्या बाजूइतकीच बोलते. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी प्रत्येक आकृतीच्या कपाळामागे 'ओं', कंठामागे 'आः' आणि हृदयामागे 'हूं' ही तिबेटी अक्षरे लिहितात. किती ठिकाणी ती लिहिली आहेत हे मोजले की पटावर महत्त्वाच्या आकृती किती आहेत हे कळते, कधी कधी पुढच्या बाजूला धूसर झालेली आकृतीही अशाने सापडते. 'ये धर्मा हेतुप्रभवा' हा श्लोकही पाठीवर पुष्कळदा लिहिलेला असतो. तो प्रतिष्ठेचा भाग आहे, नावाचा नव्हे.

नाव असेल तर ते बहुधा पुढच्या बाजूस, आकृतीच्या आसनाखाली, सोनेरी शाईने बारीक अक्षरांत असते. तिबेटी लिपी भारतीय लिप्यांतूनच निघाली आहे आणि तिच्या अक्षरांचा क्रम क, ख, ग असाच चालतो, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला ती आठवडाभरात अडखळत का होईना ओळखता येते. नाव बहुधा 'ला नमो' या शब्दांनी संपते, म्हणजे 'अमक्याला नमस्कार'. आपल्या चतुर्थीच्या 'ला' शी असलेले त्याचे साम्य योगायोगाचे आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचे. 'ला नमो' सापडले की त्याआधीची अक्षरे उतरवून घ्यावीत, जरी त्या वेळी वाचता आली नाहीत तरी.

पट हाताळण्याची वेळ आली तर तो स्वतः उलगडू नये. थांगका खालच्या दांडीपासून वर गुंडाळतात. खडू आणि सरस यांच्या लेपावर बसलेला रंग प्रत्येक गुंडाळीत आडवा तडकतो, म्हणून जुन्या पटावर आडव्या रेषा दिसतात. भोवतीची किनखाबाची चौकट पुष्कळदा नंतर बदललेली असते. चौकटीवरून काळ ठरवू नये.

सराव कोठे आणि कसा करावा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेपाळ आणि तिबेटच्या कलेचे दालन आहे. पाटण्याच्या संग्रहालयात राहुल सांकृत्यायनांनी 1929 ते 1938 या काळातील चार तिबेटयात्रांतून आणलेला थांगकांचा साठा आहे. दिल्लीचे तिबेट हाऊस आणि गंगटोकची नामग्याल तिबेटशास्त्र संस्था येथेही चांगले पट पाहता येतात. धरमशालेच्या नोरबुलिंका संस्थेत तर चित्रकार काम करताना दिसतात. तेथे एखाद्या अपुऱ्या पटाची कोळशाची रेखाटणी पाहिली, तर हातातील वस्तू रंगाच्या आधी कशा ठरतात हे पुस्तकापेक्षा चांगले कळते.

एका भेटीत दोनच पट घ्यावेत. प्रत्येकासाठी वहीत याच क्रमाने लिहावे: मांडणी, आसन, वस्त्र, डोके, उजवा हात, डावा हात, शेजारी, वरची ओळ, खालची ओळ, अक्षरे. नाव सर्वांत शेवटी लिहावे आणि ते पेन्सिलीने लिहावे. टोपी पिवळी आहे, एका हातात पोथी आहे, दुसरा व्याख्यानमुद्रेत आहे आणि शेजारी कोणी नाही, असा भिक्षू निदान वीस जणांपैकी कोणीही असू शकतो. त्याच्यापुढे 'गेलुग आचार्य, नाव अनिश्चित' असे लिहून वरच्या ओळीतील आकृती तेवढ्या नीट उतरवून घ्याव्यात.